मनीचे 30, मोत्याचे 42!

मनमाडहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरकडे निघालं, की रोटेगाव मागे पडतं आणि थोड्या वेळाने लासूर स्टेशन येतं. गंगापूर तालुक्यातलं हे गाव रेल्वेमुळे वाढलं. इथे कांद्याचा बाजार, कापसाचा बाजार आणि शिवाय जनावरांचा बाजार! बैल, गाई, म्हशी, शेळ्या, सगळी गर्दी. कधी गेलात, तर एक गोष्ट नीट बघा. बैल विकत घ्यायला आलेला शेतकरी आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारतो, पाठीवरून हात फिरवतो, त्याला चार पावलं चालवून बघतो. मग एका हाताने बैलाचं नाक धरतो, दुसऱ्या हाताने खालचा ओठ खाली ओढतो आणि तोंडात डोकावतो.

का बरं? बैलाला दातदुखी झाली आहे का, हे बघतो?

नाही. तो बैलाचं वय वाचतो!

दातात लिहिलेलं वय

बैलाकडे जन्मदाखला नसतो. मालक म्हणेल, "पोरगा आहे हो अजून." पण दात खोटं बोलत नाहीत. वासराला खालच्या जबड्यात पुढे आठ छोटे दुधाचे दात असतात. ते सगळे जागेवर असेपर्यंत ते वासरू 'आदत'. साधारण दोन वर्षांचं झालं, की मधले दोन दुधाचे दात पडतात आणि तिथे दोन मोठे, रुंद दात येतात. आता तो झाला 'दोन दाती'. तीन वर्षांच्या आसपास 'चार दाती', मग 'सहा दाती'. चार-पाच वर्षांचा होईतो आठही दात मोठे येतात, तेव्हा म्हणतात 'जुळला'. त्यापुढे दात झिजत जातात. किती झिजले, त्यावरून जाणती माणसं पुढच्या वयाचाही अंदाज बांधतात.

आता एक गंमत सांगते. बैलाच्या किंवा गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात शोधा बरं. सापडणारच नाहीत! पडलेले नाहीत, ते कधी येतच नाहीत. तिथे असते फक्त एक जाड, कडक हिरडी. गाय जिभेने गवताला विळखा घालते, खालचे दात त्या हिरडीवर दाबते आणि मान हिसडून गवत तोडते. चावायचं काम मागच्या दाढांचं.

म्हणजे बघा, कोण काय खातं, हे त्याच्या दातांवरून कळतं. कोण किती वर्षांचं आहे, हेही दातांवरून कळतं. आणि कोण आजारी आहे, हेसुद्धा! बैलाच्या बाबतीत आपल्या माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण बैलगाडीच्या सावलीत जीभ बाहेर काढून बसलेला मोत्या आणि घरी चुलीजवळ वेटोळं करून झोपलेली मनी यांच्या तोंडात कधी कुणी डोकावतं का? फारसं नाही. चला, आज आपण डोकावू.

मोत्याच्या तोंडात

आधी आकडे. मोठ्या माणसाला दात 32. मांजराला 30. आणि कुत्र्याला किती? 42! आपल्यापेक्षा दहा जास्त. वर 20, खाली 22.

सगळ्यात पुढे असतात पटाशीचे बारीक दात. वर सहा, खाली सहा. यांनी मोत्या अंगावरची गोचीड टिपतो, हाडाला चिकटलेलं मांस खरवडतो. त्यांच्या दोन्ही बाजूंना चार लांब सुळे. सुळा बाहेरून दिसतो त्याहून जास्त लांब असतो, कारण त्याचं हिरडीच्या आत लपलेलं मूळ बाहेरच्या भागापेक्षाही मोठं असतं. म्हणून तर ओढाताण झाली तरी तो सहजी हलत नाही. सुळ्यांच्या मागे उपदाढा, आणि सगळ्यात मागे दाढा.

या मागच्या दाढा जरा सपाट असतात, म्हणून मोत्या भाकरी चुरडून खाऊ शकतो. पण त्याचा खरा पराक्रम आहे वरच्या जबड्यातली शेवटची उपदाढ आणि खालच्या जबड्यातली पहिली दाढ यांच्या जोडीचा. तोंड मिटलं, की ही धारदार जोडी एकमेकींना घासून जाते. आजोबांचा अडकित्ता सुपारी कशी कातरतो? तशीच ही जोडी मांस कातरते. मोत्याला काही चिवट मिळालं, की तो मान वाकडी करून ते तोंडाच्या कडेला नेतो, तुम्ही पाहिलं असेलच. तो ते या जोडीपाशी नेत असतो.

हेच 42 दात लांडग्याला असतात, कोल्ह्यालाही असतात. मोत्या आज अंगणात बसून भाकरी खातो, पण त्याच्या तोंडातली हत्यारं अजूनही माळरानावरच्या नातेवाइकांचीच आहेत.

मनी चावत नाही, कातरते

मनीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या 30 दातांमध्ये भरडायला सपाट असा एकही दात नाही! वरच्या जबड्यातली शेवटची दाढ तर इतकी चिमुकली, की ती जवळपास काहीच काम करत नाही. मनीचा जबडा फक्त वर-खाली हलतो. गाय रवंथ करते तेव्हा तिचा जबडा कसा आडवा फिरतो? मनीला ते जमतच नाही. ती कातरते आणि गिळते, संपलं. मांजर पक्कं मांसाहारी, त्यामुळे दाणे भरडायची तिला गरजच नाही.

म्हणूनच की काय, मनीला गोड चवही कळत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामधल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवून दिलं, की गोड चव ओळखण्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरांमध्ये बंद पडलेलं आहे. वाघातही ते तसंच बंद! तुम्ही मनीसमोर पेढा ठेवलात आणि तिने तो चाटला, तर ती त्यातल्या दुधाच्या स्निग्धपणासाठी चाटते. साखर तिच्या जिभेला ठाऊकच नाही.

संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पट्टेरी वाघ बघायला गेलात, तर तो जांभई देईपर्यंत थांबा. त्याचे दातही 30 आहेत. कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यातल्या बिबट्याचेही 30. मनी, बिबट्या आणि वाघ, तिघांच्या तोंडात मांडणी तीच. फरक फक्त मापाचा!

पिल्लाचं वय ओळखा

तुमचे दुधाचे दात पडले तेव्हा काय केलंत? कुणी घराच्या छपरावर टाकले असतील, कुणी जपून डबीत ठेवले असतील. पिल्लांनाही दुधाचे दात असतात. कुत्र्याच्या पिल्लाला 28, मांजराच्या पिल्लाला 26. जन्मतात तेव्हा तोंडात एकही दात नसतो. साधारण तीन आठवड्यांनी दात डोकवायला लागतात आणि ते सुईसारखे टोचतात. तेव्हाच पिल्लाची आई दूध पाजताना मधूनच उठून जायला लागते. का, ते आता तुम्हीच ओळखा.

तुम्हाला सहा-सात वर्षांचं होईपर्यंत पहिला दात पडायची वाट बघावी लागते. कुत्र्याचं पिल्लू मात्र चार महिन्यांचं झालं, की त्याचे पुढचे दात बदलायला लागतात. पाच-सहा महिन्यांचं होताना सुळे बदलतात आणि सातव्या महिन्यापर्यंत बहुतेक सगळे 42 दात हजर! मांजरांचंही सहा महिन्यांपर्यंत उरकतं. या दिवसांत पिल्लू चपला कुरतडतं, खाटेचा पाय चावतं. त्याला मारू नका, त्याच्या हिरड्या शिवशिवत असतात. पडलेले दात तुम्हाला क्वचितच सापडतील, कारण पिल्लं ते बहुतेक वेळा गिळून टाकतात. त्याने त्यांना काही होत नाही.

म्हणजे आता तुम्हीही वय वाचू शकता. पुढचे दात मोठे आलेत, पण सुळे अजून बारीक, दुधाचेच आहेत? मग ते पिल्लू चार-पाच महिन्यांचं असणार!

कधीकधी दुधाचा सुळा पडायचं विसरतो आणि शेजारीच नवा सुळा येतो. एका जागी दोन सुळे! पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांमध्ये हे बरेचदा होतं. दोन दातांच्या फटीत अन्न अडकतं आणि नवा दात वाकडा होतो. असं दिसलं, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. ते तो जुना दात काढून टाकतात.

किडत नाहीत, तरी दुखतात!

आता खरं कोडं. मोत्या कधी दात घासत नाही. तरी त्याच्या दातांना आपल्यासारखी कीड फारशी का लागत नाही?

आपल्या तोंडात जंतू असतात. आपण साखर खाल्ली, की तेही ती खातात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दातावरचं पांढरं कवच, म्हणजे एनॅमल, विरघळवतं. तीच कीड. कुत्र्याची लाळ मात्र आपल्या लाळेपेक्षा जास्त आम्लारी असते. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले, की एकमेकांचा जोर मारतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. शिवाय त्याचे बहुतेक दात टोकदार, त्यामुळे खड्ड्यात अन्न साचून राहत नाही. मांजरांना तर अशी कीड जवळपास लागतच नाही.

छान! मग काळजी कशाला?

काळजी अशासाठी, की जी लाळ किडीपासून वाचवते, तीच दुसरं संकट आणते. खाल्ल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक चिकट, पातळ थर बसतो. त्याला म्हणतात प्लाक. तो बोटाने किंवा ब्रशने सहज निघतो. पण काढला नाही, तर लाळेतले क्षार त्यात बसत जातात आणि दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो. झालं कीटण! पिवळं, मग तपकिरी. ते आता ब्रशने निघत नाही. वरच्या मागच्या दातांवर ते सगळ्यात जास्त साचतं, कारण एका मोठ्या लाळग्रंथीची गालातली नळी नेमकी तिथेच उघडते.

कीटण हळूहळू हिरडीच्या खाली सरकतं. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं. दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि चांगला धडधाकट दात हलायला लागतो. हिरड्यांचा हा आजार कुत्र्या-मांजरांमध्ये अतिशय जास्त आढळतो. तोंडातले जंतू सुजलेल्या हिरडीतून रक्तातही शिरू शकतात.

मांजरांचं आणखी एक दुखणं आहे. त्यांच्या शरीरातल्याच पेशी दात पोखरायला लागतात आणि दात हळूहळू विरघळतो. हे का होतं, याचा शास्त्रज्ञ अजून शोध घेत आहेत. कोण जाणे, हे कोडं तुमच्यापैकीच कुणीतरी सोडवेल!

ते सांगत नाहीत, आपण ओळखायचं

दाढ दुखली, की आपण घर डोक्यावर घेतो. मोत्या आणि मनी तसं करत नाहीत. जंगलात दुबळं दिसणं धोक्याचं असतं, म्हणून प्राणी दुखणं लपवतात. दात दुखत असला तरी ते खात राहतात. त्यामुळे "जेवतोय ना, मग बरा आहे" हा हिशेब चुकतो.

मग कसं ओळखायचं?

तोंडाला घाण वास येतो. "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच," असं मोठी माणसं म्हणतात, पण निरोगी तोंडाला असा उग्र वास येत नाही. एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून खाली पडणं, पंजाने तोंड घासणं, जास्त लाळ गळणं, हिरडीच्या कडेला लाल रेघ, एक गाल सुजणं. मनी ताटलीजवळ येते, एक घास घेते आणि एकदम मागे पळते? तिला भूक आहे, पण चावताना दुखतंय. यातलं काही दिसलं, तर घरच्यांना सांगा.

दात घासू या!

हो, कुत्र्या-मांजरांचे दात घासता येतात! पण एका दिवसात नाही. पाळलेल्या, ओळखीच्या, शांत प्राण्याचेच घासायचे आणि घरचं मोठं माणूस सोबत हवंच.

पहिले काही दिवस फक्त गालावरून हात फिरवा आणि शाबासकी द्या. मग हळूच ओठ वर करा, एक-दोन सेकंद बघा, सोडून द्या. जबडा उघडायची गरजच नाही. सवय झाली, की मोठ्या माणसाने बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजूवरून फिरवायचा. तेही जमलं, की छोटा मऊ ब्रश. हिरडी आणि दात जिथे भेटतात, तिथे ब्रश थोडा तिरपा धरून हलक्या हाताने गोल फिरवायचा. आतली बाजू राहिली तरी चालेल, जीभ ती बरीचशी साफ करते. प्लाक दोन-तीन दिवसांत कडक होतो, म्हणून रोज घासलेलं उत्तम. महिन्यातून एकदा घासून उपयोग नाही.

प्राणी चिडला, गुरगुरला, कान मागे केले? थांबायचं. उद्या बघू.

आणि पेस्ट? आपली पेस्ट अजिबात नको! कुत्र्याला चूळ भरता येत नाही, ते सगळं गिळतं. आपल्या पेस्टमधला फेस आणि फ्लोराइड पोटात गेलं, तर त्याला त्रास होतो. काही पेस्टमध्ये आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. तो कुत्र्यासाठी विष आहे. थोडासा पोटात गेला तरी रक्तातली साखर एकदम उतरते. प्राण्यांची वेगळी पेस्ट मिळते, चक्क चिकनच्या चवीची! ती नसेल, तर नुसतं पाणी पुरे. राखुंडी, मीठ, मशेरी यातलं काहीही लावायचं नाही. मशेरीत तंबाखू असते, ती तर माणसालाही वाईटच.

आणखी एक. "हाडं चघळली, की दात स्वच्छ होतात," असं सांगतात. पण कुत्र्याचं एनॅमल आपल्यापेक्षा पातळ असतं. जाड हाड किंवा दगड चावताना ती कातरणारी वरची मोठी उपदाढ उभी तडकू शकते. सोपी परीक्षा लक्षात ठेवा. नखाने दाबून बघा, वस्तू जराही दबत नसेल, तर ती दातांसाठी फार कडक आहे.

डॉक्टर झोपवतात का?

कीटण साचलं असेल, तर जनावरांचे डॉक्टर ते काढतात. त्यासाठी प्राण्याला भूल द्यावी लागते. आपण दातांच्या डॉक्टरांसमोर 'आ' करून बसतो. मोत्याला ते कसं समजावणार? शिवाय साफसफाई हिरडीच्या आतपर्यंत करायची असते. भूल दिली, की त्याला दुखत नाही, भीतीही वाटत नाही. मग ध्वनीच्या अतिवेगवान कंपनांवर चालणाऱ्या यंत्राने कीटण काढतात आणि दात गुळगुळीत करतात. कुत्र्याचं रूट कॅनलसुद्धा होतं! पोलिसांच्या कुत्र्याचा सुळा तुटला, तर त्यावर धातूची टोपीही बसवता येते.

तुम्हाला असे डॉक्टर व्हायला आवडेल? मुंबईत परळला 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्या मराठवाड्यात परभणीला आणि उदगीरलाही आहे. साडेपाच वर्षांचा अभ्यास असतो आणि त्यात वाघापासून कोंबडीपर्यंत सगळे भेटतात.

हे कधीच विसरू नका

रस्त्यावरच्या किंवा अनोळखी कुत्र्या-मांजराच्या तोंडाला हात लावायचा नाही. एखाद्या कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, त्याला गिळता येत नाहीये, असं दिसलं, तर "घशात हाड अडकलं असेल" म्हणून मदतीला धावू नका. ते रेबीजचं लक्षण असू शकतं. लांब राहा आणि मोठ्यांना सांगा.

कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरखडलं, किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर लपवू नका. कुणी रागावणार नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. सगळे डोस पूर्ण घ्या. रेबीज एकदा झाला, की वाचणं जवळपास अशक्य असतं, पण वेळेवर घेतलेली लस त्याला अडवते. आणि घरच्या मोत्याला आणि मनीला दरवर्षी रेबीजची लस द्यायला आई-बाबांना आठवण करा.

करून पाहा

1. आरशासमोर उभे राहून स्वतःचे दात मोजा. दुधाचे किती, कायमचे किती?
2. घरची किंवा शेजारची ओळखीची मनी जांभई देईल, तेव्हा लांबूनच बघा. चार सुळे दिसले? त्यांच्या मधले बारीक दात किती?
3. गाय आणि मांजर खाताना बघा. कुणाचा जबडा आडवा फिरतो, कुणाचा फक्त वर-खाली?
4. घरात कुणी बैल विकत घेतले असतील, तर त्यांना विचारा, "दात कसे बघता?" त्यांचं उत्तर वहीत लिहून ठेवा. हे ज्ञान पुस्तकांत फार कमी सापडतं.

तर दोस्तांनो, बैल विकत घ्यायचा असतो म्हणून त्याचे दात बघतात. मोत्या आणि मनीला कुणी विकत घ्यायचं नसतं, म्हणून त्यांचं तोंड बघायचं राहून जातं. पण ते आपले आहेत, एवढं कारण पुरेसं आहे. आजच संध्याकाळी बाबांना किंवा आजीला सोबत घ्या, मोत्याचा ओठ हळूच वर करायला सांगा आणि तुम्ही बघा. हिरड्या गुलाबी असतील, तर शाबास! लाल असतील, तर डॉक्टरांकडे न्यायचा हट्ट धरा. हा हट्ट घरच्यांनी नक्की पुरवायला हवा.